स्टेशनातल्या कपाटात एक रात्र

दोस्तांनो, तुम्ही कधी कपाटात झोपला आहात का? लपाछपीच्या डावात नव्हे हं! रीतसर पैसे मोजून, पावती घेऊन, रात्रभर? आम्ही झोपलो. मी, माझी आठवीतली भाची आणि तिची आजी. आजी म्हणजे माझी आई, पण आपण सगळेच तिला आजी म्हणू या. तिचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर, आणि उजवा गुडघा तिच्याहूनही म्हातारा.

ही गोष्ट डिसेंबर २०२२ मधली. बडोद्याला आजीच्या थोरल्या बहिणीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. सहस्रचंद्रदर्शन म्हणजे काय, ठाऊक आहे ना? आयुष्यात हजार पौर्णिमा पाहून झाल्या की घरचे लोक त्या माणसाला ओवाळतात. वही-पेन्सिल घ्या आणि गणित करून बघा. साधारण साडेएकोणतीस दिवसांनी एक पौर्णिमा येते. म्हणजे हजार पौर्णिमांना साडेएकोणतीस हजार दिवस. त्याला ३६५ नं भागा. उत्तर ८०च्या थोडं पुढे येतं की नाही? म्हणून हा समारंभ एक्क्याऐंशीव्या वर्षी करतात.

तर या दोघी बहिणींची आठ वर्षांत भेट नव्हती. एकीचा गुडघा, दुसरीचं ब्लडप्रेशर, मध्ये करोनाची दोन वर्षं. फोनवर रोज बोलणं व्हायचं, पण फोन ठेवला की आजी पदरानं डोळे टिपायची. ओवाळणं दुपारी बाराला होतं आणि पहिलं औक्षण धाकट्या बहिणीनंच करायचं, असं ताईआजीनं बजावलं होतं. "तू नाही आलीस तर मी पाटावर बसणारच नाही," म्हणाली. आता बोला!

आम्ही राहतो महाडला. रात्रीच्या गाड्यांना लांबलचक वेटिंग. मुंबई सेंट्रलहून पहाटे सहाच्या सुमाराला सुटणारी वंदे भारत मात्र मिळाली. ही गाडी बडोद्याचं सुमारे ३९० किलोमीटर अंतर सव्वाचार तासांच्या आसपास कापते. म्हणजे बारापर्यंत पोचायला हरकत नाही. प्रश्न एवढाच होता, की पहाटे सहाची गाडी पकडायची तर आदली रात्र काढायची कुठे? मुंबईत नातेवाईक आहेत, पण ते विरारला आणि डोंबिवलीला. तिथून पहाटे आजीला घेऊन सेंट्रल गाठायचं म्हणजे रात्री दोनलाच उठायला हवं.

"काही नको," आजी म्हणाली, "वेटिंग रूममध्ये बसू. एकाहत्तर साली नाही का बसलो होतो?"

एकाहत्तर साली आजी नवी नवरी होती. आजोबा आणि ती ताईकडे बडोद्याला निघाले होते. गाडी चुकली. मग बायकांच्या वेटिंग रूममध्ये होल्डॉल पसरून, बांगड्या पदरात झाकून आजीनं रात्र काढली होती. हल्लीच्या मुलांना होल्डॉल कुठला माहीत असायला! जाड कॅनव्हासची लांबलचक पिशवी असे ती. तिच्यात गादी, चादर, उशी घालायची, गुंडाळी करायची आणि पट्ट्यांनी आवळायची. चालतंफिरतं अंथरूणच ते.

पण एकाहत्तर साली गुडघा तेवीस वर्षांचा होता. मी आधी रिटायरिंग रूमची चौकशी केली. मोठ्या स्टेशनांवर रेल्वेच्या अशा खोल्या असतात. कन्फर्म किंवा आरएसी तिकीट असलं, की त्यावरच्या दहा आकडी पीएनआरच्या आधारानं बारा किंवा चोवीस तासांसाठी खोली मिळते. आईबाबांना सांगून ठेवा, फार सोयीचं प्रकरण आहे. आम्हाला मात्र मिळाली नाही, सगळ्या खोल्या आधीच गेल्या होत्या.

मग उरलं ते कपाट.

मधमाशीचं पोळं

कपाट हे भाचीनं ठेवलेलं नाव. खरं नाव पॉड हॉटेल. मुंबई सेंट्रल स्टेशनच्या इमारतीतच, पहिल्या मजल्यावर, नोव्हेंबर २०२१ मध्ये ते सुरू झालं. रेल्वे स्टेशनात असं हॉटेल भारतात पहिलंच. एकूण ४८ पॉड. त्यातले ७ फक्त बायकांसाठी, १० जरा ऐसपैस खासगी, एक अपंग प्रवाशासाठी आणि बाकीचे साधे. सुरू झालं तेव्हा साध्या पॉडचा दर बारा तासांना ९९९ रुपये आणि चोवीस तासांना १९९९ रुपये असा होता. पुढच्या वर्षी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरही असे पॉड झाले. तिथे तर दोघांचे आणि कुटुंबाचे पॉडही ठेवले.

पॉड म्हणजे शेंग. मटाराच्या शेंगेत दाणे कसे एकेका खळग्यात बसलेले असतात, तशी माणसं! मला विचाराल तर शेंगेपेक्षा मधमाशीचं पोळं जास्त जुळतं. भिंतीला लागून एकावर एक असे दोन मजले. प्रत्येक घरात एक गादी, एक उशी, वाचायचा दिवा, आरसा, छोटा टीव्ही, मोबाईल चार्ज करायला जागा, गार हवेचं भोक आणि धूर झाला तर ओरडणारं एक यंत्र. बसता येतं, आडवं होता येतं, पण उभं राहता येत नाही. संडास-बाथरूम बाहेर, सगळ्यांचे मिळून. बॅगा ठेवायला वेगळी जागा.

"एवढ्याशा जागेचे हजार रुपये?" असं तुमच्या बाबांनी म्हटलं असेलच. आमच्याही घरी म्हणाले. आणि त्यांचं अगदीच चुकलं नाही. तिघांचे मिळून तीन हजार होतात. तेवढ्यात मुंबईत कुठे कुठे आख्खी खोली मिळते, तिघंही तीत मावतात. पॉडचे पैसे डोक्यावर मोजतात, हे लक्षात ठेवा. एकट्या प्रवाशाला हे परवडतं, चौकोनी कुटुंबाला नाही. आम्ही पैसे दिले ते जागेसाठी नव्हे, तर उठल्यावर जिना उतरून फलाटावर जाता यावं यासाठी. पहाटेची टॅक्सी नको, रस्ता नको, आजीच्या गुडघ्याला धावपळ नको.

आता हॉटेलवाल्याच्या बाजूनं हिशेब करा. समजा, एक खोली दहा फूट बाय बारा फूट आहे. म्हणजे १२० चौरस फूट. पॉड समजा सात फूट लांब आणि चार फूट रुंद, म्हणजे २८ चौरस फूट. एकावर एक दोन ठेवले की माणशी जमीन लागली फक्त १४ चौरस फूट! अर्थात जायला-यायला वाट सोडावी लागते, न्हाणीघरं बांधावी लागतात. तरीसुद्धा फरक केवढा पडतो ते बघा. स्टेशनातली जागा सोन्याच्या मोलाची. तिथे आडवं पसरता येत नाही म्हणून उभं चढायचं, ही युक्ती रेल्वेला नवी थोडीच आहे? थ्री-टायरच्या डब्यात आपण हेच तर करतो.

शेवटची गाडी चुकली म्हणून

ही कल्पना निघाली जपानात. आणि गंमत म्हणजे तिथेही तिचं मूळ रेल्वेतच आहे.

जपानी शहरांत रात्री बारा-साडेबाराच्या सुमाराला शेवटची लोकल सुटते. ती चुकली, की पहाटेपर्यंत गाडी नाही. टॅक्सी करावी तर खिसा रिकामा. ऑफिसात उशिरापर्यंत थांबणारी माणसं मग कुठेतरी रात्र काढत. ओसाका शहरात एक सॉना होता, म्हणजे वाफेनं अंग शेकायचं ठिकाण. तिथे अशी माणसं येऊन आडवी व्हायची. त्या सॉनावाल्याला वाटलं, यांची झोपायची नीट सोय केली तर? त्यानं किशो कुरोकावा नावाच्या वास्तुशिल्पकाराला गाठलं.

योग्य माणसाकडेच गेला तो. कुरोकावांना डब्यांचा नाद होता. १९७० साली ओसाकात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथेही त्यांनी डब्याडब्यांची इमारत उभी केली होती. १९७२ मध्ये त्यांनी टोकियोत नाकागिन टॉवर बांधला. त्याला १४० डबे जोडलेले होते. प्रत्येक डबा म्हणजे एक छोटी खोली, तिला जहाजाला असते तशी गोल खिडकी. डबे कारखान्यात तयार करून आणायचे आणि मधल्या खांबाला बोल्टांनी घट्ट बसवायचे. पंचवीसएक वर्षांनी डबा जुना झाला की काढायचा, नवा लावायचा. कल्पना किती छान! पण एकही डबा कधी बदलला गेला नाही. गळायला लागले, गंजले, आणि २०२२ साली सगळी इमारत उतरवली. तेवीस डबे मात्र लोकांनी हौसेनं जपून ठेवले. मला या इमारतीचं फार वाईट वाटतं. नव्या डब्यांची वाट बघत ती पन्नास वर्षं उभी होती.

तर याच कुरोकावांनी १९७९ मध्ये ओसाकाच्या उमेदा भागात, स्टेशनापासून जवळच, जगातलं पहिलं कॅप्सूल हॉटेल केलं. एकेक कॅप्सूल सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि उंची मीटरहून थोडी जास्त. तोंडाशी दार नाही, पडदा. कुलूपही नाही, कारण आग लागली तर माणूस आत अडकता कामा नये. पॉड हॉटेलात गेलात तर तुम्हीही झोपण्याआधी बाहेर पडायचा रस्ता कुठे आहे तो पाहून ठेवा. आम्ही पाहिला होता. भाचीनं तर दोनदा जाऊन पाहिला. त्याचं कारण पुढे येईलच.

स्टेशनला जोडलेली मोठी हॉटेलं तशी पुष्कळ जुनी. लंडनच्या यूस्टन स्टेशनाला १८३९ सालीच हॉटेल होतं. भारतात १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली, त्याच्याही आधी! लंडनच्याच सेंट पँक्रस स्टेशनवर १८७३ मध्ये राजवाड्यासारखं हॉटेल उघडलं. उंच मनोरे, रुंद जिने, सोनेरी नक्षी. फक्त एक चूक झाली. खोल्यांना जोडून न्हाणीघरं नव्हती. नोकरांनी गरम पाण्याचे डबे उचलून खोलीखोलीत न्यायचे. पुढे लोकांना खोलीतच नळ हवासा वाटू लागला. एवढे मनोरे, एवढे जिने, पण नळ नाही! १९३५ मध्ये हॉटेल बंद पडलं. ते पुन्हा उघडलं थेट २०११ साली.

आणि टोकियो स्टेशनच्या लाल विटांच्या इमारतीत १९१५ पासून हॉटेल आहे. तिथे लेखक येऊन राहत. सेइचो मात्सुमोतो हे रहस्यकथा लिहिणारे लेखक तिथे खिडकीतून फलाट न्याहाळत बसायचे. त्यांच्या एका गाजलेल्या कादंबरीत सगळं रहस्य एका गोष्टीवर फिरतं. तेरा नंबरच्या फलाटावरून पंधरा नंबरच्या फलाटावरची गाडी दिवसातून फक्त चार मिनिटं दिसते. बाकी वेळ मध्ये दुसऱ्या गाड्या उभ्या असतात. त्या चार मिनिटांत कोणी कोणाला पाहिलं? का पाहिलं? मोठे झालात की जरूर वाचा. तोपर्यंत आपल्या दादर स्टेशनवर उभं राहून असं काही सुचतंय का, ते पाहायला हरकत नाही.

"मावशी, माझा श्वास…"

आमची एसटी पनवेलला अडकत अडकत संध्याकाळी सातला मुंबई सेंट्रलच्या आगारात शिरली. आगार रेल्वे स्टेशनला अगदी लागून, त्यामुळे टॅक्सीचा प्रश्न नव्हता. आजी पिशवी छातीशी धरून चालत होती. पिशवीत ताईसाठी पोह्याचे पापड, कुळथाचं पीठ आणि ओवाळायचं चांदीचं निरांजन.

हे स्टेशन १९३० च्या डिसेंबरात सुरू झालं. क्लॉड बॅटली नावाच्या वास्तुशिल्पकारानं त्याचा आराखडा केला आणि अवघ्या एकवीस महिन्यांत ते बांधून झालं. त्याआधी लांबच्या गाड्या कुलाब्यापर्यंत जायच्या. हे मी मोठ्या उत्साहानं आजीला सांगत होते. आजी म्हणाली, "ते असू दे. जिना किती पायऱ्यांचा आहे, ते सांग."

बाकावर बसून पोळीभाजीचा डबा संपवला आणि वर गेलो. बायकांच्या भागात आम्हाला दोन खालचे शेजारशेजारचे आणि एक वरचा असे पॉड मिळाले. आजीनं वाकून आत पाहिलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्या माळ्यावर ट्रंक ठेवतो ना, तसं आहे हे. ट्रंक मी आहे."

भाची मात्र खूश. शिडीवरून सरसर वरच्या पॉडमध्ये चढली, दिवा लावला, विझवला, परत लावला, आरशात तोंड वेडंवाकडं करून झालं. "मावशी, मी अंतराळवीर!" असं ओरडली आणि पलीकडून कोणीतरी "श्शू" केलं. इथे हा पहिला धडा: पॉडच्या भिंती पातळ असतात. तुमची कुजबूजही शेजारी ऐकतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या रात्री चुरचुर वाजवू नयेत, हे मी तिथेच शिकले. माझीच पिशवी होती.

दहाला सगळे गप्प झाले. गाड्यांची धडधड अगदी हलकी, पोटात जाणवेल इतकीच. दूर कुठेतरी फलाटावरची सूचना, आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. मला डुलकी लागत होती. साडेअकरा वाजले असतील. वरून आवाज आला, अगदी बारीक.

"मावशी… माझा श्वास बसत नाहीये."

मी ताडकन उठले आणि डोकं छताला आपटलं. (हा दुसरा धडा.) शिडीवर चढून पाहिलं, तर ही कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. हात बर्फासारखे गार. दिवसा मजेचा वाटणारा डबा रात्री दिवा घालवल्यावर एकदम जवळ आला होता. तिला वाटत होतं, आतली हवा संपत चालली आहे. तुमच्यातल्या काही जणांना लिफ्टमध्ये असं होत असेल. त्यात भित्रेपणा काही नाही. बंद जागेत शरीर उगीचच धोक्याची घंटा वाजवतं. छाती धडधडते, श्वास भराभर होतो, आणि श्वास भराभर झाला की जास्तच घुसमटल्यासारखं वाटतं. हवा संपलेली नसते. तिच्या डोक्यापाशीच भोकातून गार वारा येत होता. मी तिचा तळहात त्याच्यासमोर धरला. "लागतोय ना वारा? बाहेरून येतोय. मोज माझ्याबरोबर. चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर."

आकडे मोजून झाले. हात थोडे ऊबदार झाले. पण परत दिवा घालवायला ती तयार होईना. "आपण बाहेर बसू या ना, बाकावर. रात्रभर."

खरं सांगते, मलाही तेच सोपं वाटलं. पण मग आजीला एकटी कशी सोडणार? आणि आजी बाकावर बसली तर तिचा गुडघा सकाळी वाकणार नाही. तो वाकला नाही तर गाडी, बडोदा, पाट, निरांजन… सगळंच.

तेवढ्यात खालून आजीचं डोकं बाहेर आलं. ती जागीच होती. म्हणाली, "ठमे, खाली ये. माझ्या शेजारच्या ट्रंकेत झोप. मावशी जाईल वर."

भाची खाली आली. आता आजी आणि ती यांच्यामध्ये फक्त एक पातळ भिंत. आजी हळूच म्हणाली, "हे बघ. भीती वाटली की भिंतीवर एकदा टकटक कर. मी दोनदा करीन. एक म्हणजे 'आहेस का?' दोन म्हणजे 'आहे गं.'"

"आणि तू झोपलीस तर?"

"माझ्या वयाला झोप कुठली?"

मी वर आडवी झाले आणि ऐकत राहिले. टक. टक टक. मग पाच मिनिटांनी पुन्हा. टक. टक टक. मग पंधरा मिनिटांनी. शेजारच्या कोणाची झोपमोड होत असेल तर, बाई, माफ करा. त्या रात्री मात्र कोणी "श्शू" केलं नाही. नंतर टकटक थांबली ती केव्हा, ते मला कळलंच नाही.

पावणेपाच

मोबाईलचा गजर मी नुसता थरथरणारा लावला होता. पावणेपाचला तो उशीखाली गुरगुरला. खाली भाची आधीच जागी होती. तिनं भिंतीवर टकटक केली. एकदा.

उत्तर नाही.

पुन्हा एकदा. मग तीनदा. काहीच नाही. तिनं माझ्याकडे वर पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही. मी शिडीवरून कशी उतरले कोण जाणे. आजीचा पॉड उघडून पाहिला. चादरीची नीट घडी, तिच्यावर उशी. आजी नाही. पिशवीही नाही.

बाथरूममध्ये नाही. मग आम्ही दोघी अनवाणीच बाहेरच्या काउंटरपाशी धावलो.

आजी खुर्चीत बसली होती. आंघोळ झालेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, मोरपंखी इरकली साडी, मांडीवर पिशवी. काउंटरवरच्या रात्रपाळीच्या मुलाला ती सांगत होती, "…आणि मग ताई म्हणाली, तू नाही आलीस तर मी पाटावर बसणारच नाही." तो मुलगा हनुवटीवर हात ठेवून ऐकत होता. किती वेळ ऐकत होता कोण जाणे, कारण गोष्ट पार १९७१ पासून सुरू झालेली असणार!

"अगं, किती वाजता उठलीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"साडेतीनला. गर्दीच्या आधी गरम पाणी मिळालं. छान आहे गं सोय. वेटिंग रूममध्ये तर तेव्हा थंडगार पाणी होतं." मग भाचीकडे पाहून म्हणाली, "तू गाढ झोपली होतीस. मी दोनदा टकटक केली जाताना. 'आहे गं' म्हणून."

भाची काही बोलली नाही. तिनं नुसती आजीच्या हातातली पिशवी घेतली आणि गाडीत बसेपर्यंत सोडली नाही.

पॉडपासून डब्यापर्यंत पोचायला आम्हाला किती वेळ लागला, सांगू? आजीचा वेग, जिना, फलाट आणि मध्ये एक चहा धरून सतरा मिनिटं. याच सतरा मिनिटांसाठी आपण पैसे दिले, असं मी मनात म्हटलं. पनवेलचा तो ट्रॅफिक आठवला आणि पैसे वसूल झाले, असंही म्हटलं. (रस्त्यानं येऊन थेट गाडी पकडणारे शूर लोक असतात. मी त्यांच्यातली नाही.)

सुरतच्या पुढे आजीचा डोळा लागला. बडोद्याला उतरलो तेव्हा अकरा वाजायचे होते. दांडिया बाजारातल्या घरापुढे रिक्षा थांबली, तर ताईआजी दारातच उभी, काठी टेकून. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या काळापासून, आणि त्याच्याही आधीपासून, मराठी घरं आहेत. तिथल्या मराठीला गुजराती फोडणी असते. "आवी गई माझी बहेन!" ताईआजी म्हणाली, आणि मग दोघींपैकी कोणीच बराच वेळ काही बोललं नाही. चांदीचं निरांजन बाराच्या ठोक्याला पेटलं.

त्या रात्री दोघी बहिणी एकाच खोलीत झोपल्या. झोपल्या कसल्या, बोलत होत्या. आम्ही शेजारच्या खोलीत. चांगली मोठी खोली, उंच छत, वर गरगरणारा पंखा. मला वाटलं, भाची केव्हाच झोपली. पण थोड्या वेळानं तिचा हात अंधारात भिंतीकडे गेला.

टक.

पलीकडचं बोलणं थांबलं. मग आलं: टक टक. आणि त्याच्या मागोमाग, जरा उशिरा, जरा जोरात, काठीनं वाजवल्यासारखं आणखी एकदा: टक टक.